नव्या संचात 'डीप पर्पल'

मराठी नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' हे शब्द आले की जुन्या प्रेक्षकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. नाटक तेच, संहिता तीच, पण ज्या कलावंतांमुळे ते नाटक आपले वाटले, ते आता रंगमंचावर नसणार. मग हे नाटक तेच म्हणायचे की दुसरे? पाश्चात्त्य रॉक संगीताच्या रसिकांना हा प्रश्न अधिकच छळतो. नाटकाची संहिता लेखकाची असते आणि नट ती साकार करतो. रॉक बँडमध्ये मात्र गीत लिहिणारा, चाल बांधणारा आणि ती सादर करणारा बहुधा एकच असतो. तो गेला की गाणे उरते. पण ते कोणाचे, हा वाद सुरू होतो.

या वादाचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे 'डीप पर्पल' हा ब्रिटिश हार्ड रॉक बँड होय. १९६८ मध्ये इंग्लंडमधील हर्टफर्ड येथे स्थापन झालेल्या या बँडचे इतके संच झाले की, चाहते व अभ्यासक त्यांना यंत्राच्या आवृत्त्यांप्रमाणे 'मार्क वन', 'मार्क टू', 'मार्क थ्री' असे क्रमांक देतात. या सर्व संचांत सातत्याने राहिलेला कलावंत एकच, तो म्हणजे ड्रमवादक इयन पेस. गायक, गिटारवादक, बासवादक आणि ऑर्गनवादक असे बाकीचे सारे कधी ना कधी बदलले. तरीही नाव टिकले, मैफली होत राहिल्या आणि 'खरा डीप पर्पल कोणता' हा वाद आजतागायत शमलेला नाही.

पहिला फेरबदल

पहिल्या संचात रॉड इव्हान्स (गायन), रिची ब्लॅकमोर (गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन), निक सिम्पर (बास) आणि इयन पेस (ड्रम्स) हे पाच जण होते. 'हश' या त्यांच्या गाण्याने १९६८ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. तीन अल्बमही निघाले. परंतु ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस यांना अधिक दणकट संगीत हवे होते आणि इव्हान्सचा मऊ आवाज त्या वाटेने जाणारा नव्हता. १९६९ च्या उन्हाळ्यात इव्हान्स आणि सिम्पर यांना वगळण्यात आले. त्यांच्या जागी 'एपिसोड सिक्स' या बँडमधून गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले. हाच तो 'मार्क टू', म्हणजे बहुसंख्य चाहत्यांच्या मते अस्सल संच.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. ज्या संचाला आज 'मूळ' मानले जाते, तो वस्तुतः मूळ नव्हताच. तोही नव्या संचातलाच प्रयोग होता. एवढेच नव्हे, तर त्याची पहिली मोठी ओळखही रॉकच्या मैदानात झाली नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने रचलेला 'कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' सादर झाला. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संचालन माल्कम आर्नल्ड यांनी केले होते. बँडची खरी दिशा १९७० च्या 'इन रॉक' या अल्बमने ठरवली. त्यानंतर १९७१ मध्ये 'फायरबॉल' आणि १९७२ मध्ये 'मशीन हेड' आला. स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथे ४ डिसेंबर १९७१ रोजी फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कसिनोला आग लागली. त्या धुराने भरलेल्या सरोवरकाठाच्या आठवणीतून 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणे जन्मले.

या संचाचे मर्म गिटार आणि ऑर्गन यांच्या नात्यात होते. एरवी रॉकमध्ये ऑर्गन हा साथीपुरता असतो. लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिवर्धकाला जोडला आणि त्याचा आवाज गिटारइतकाच खरखरीत व आक्रमक केला. परिणामी दोन्ही वाद्ये समान पातळीवर येऊन एकमेकांना ललकारू लागली. त्यात गिलनचा टिपेचा सूर मिसळला की, आपल्याकडच्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा सामना रंगे.

मैफलीचा मापदंड

हा सामना मंचावर कसा रंगत असे, याचा सर्वोत्तम पुरावा म्हणजे 'मेड इन जपान' हा अल्बम. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाका येथे आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या तीन कार्यक्रमांचे हे ध्वनिमुद्रण आहे. मुळात ते केवळ जपानी बाजारपेठेसाठी करण्यात आले होते आणि बँडला त्यात फारसा रस नव्हता. मुद्रण मार्टिन बर्च यांनी केले आणि नंतर स्टुडिओत त्यावर कोणतेही पुनर्वादन चढविण्यात आले नाही. दोन तबकड्यांत मिळून गाणी फक्त सात. 'स्पेस ट्रकिन'' हे स्टुडिओत साडेचार मिनिटांचे गाणे. येथे ते वीस मिनिटांच्या घरात जाऊन तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते.

चाहत्यांच्या वादाला खरे खाद्य पुरवले ते याच अल्बमने. सात गाणी तीन वेगवेगळ्या रात्रींतून निवडलेली होती. 'हायवे स्टार' आणि 'चाइल्ड इन टाइम' १६ ऑगस्टचे, 'स्मोक ऑन द वॉटर' १५ ऑगस्टचे, तर 'लेझी' १७ ऑगस्टचे. मग उरलेल्या रात्री तीच गाणी कशी झाली होती? ही उत्सुकता वीस वर्षे टिकली आणि १९९३ मध्ये तीन रात्रींतील बहुतांश मुद्रण तीन सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले. तेव्हा लक्षात आले की एकच गाणे सलग तीन रात्री तीन प्रकारे वाजवले गेले होते. आलापाची जागा, तानेची लांबी, गिलन आणि ब्लॅकमोर यांची परस्परांना नक्कल करण्याची खोडी, सारेच दर वेळी निराळे. रागदारी संगीताच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. परंतु ध्वनिमुद्रिकेवरचे गाणे जसेच्या तसे ऐकायला येणाऱ्या रॉकच्या श्रोत्याला ही नवी दृष्टी होती. तेव्हापासून 'डीप पर्पल'च्या प्रत्येक नव्या संचाला हीच कसोटी लावली जाऊ लागली: मंचावर गाणे नव्याने घडते का?

दोन गळे, नवा बाज

सततचे दौरे आणि गिलन-ब्लॅकमोर यांच्यातील बेबनाव यांमुळे हा संच फार काळ टिकला नाही. २९ जून १९७३ रोजी गिलन आणि ग्लोव्हर यांचा अखेरचा कार्यक्रम झाला तोही ओसाकातच. ज्या शहराने या संचाला अमर केले, तेथेच तो विसर्जित व्हावा, हा योगायोग म्हणावा लागेल.

त्यांच्या जागी 'ट्रॅपीझ' या बँडमधील बासवादक-गायक ग्लेन ह्यूज आला. दुसरा होता डेव्हिड कव्हरडेल. इंग्लंडच्या ईशान्य भागात कपड्यांच्या दुकानात काम करणारा, बाविशीच्या उंबरठ्यावरचा हा अज्ञात तरुण एकदम जगप्रसिद्ध बँडचा मुख्य गायक झाला. १९७४ च्या 'बर्न' या अल्बमवर दोन गळ्यांचा मेळ, सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांची लय आणि बासचा नवा ठेका ऐकू येतो. ६ एप्रिल १९७४ रोजी झालेल्या 'कॅलिफोर्निया जॅम' या महोत्सवात, दोन लाखांहून अधिक श्रोत्यांसमोर, ब्लॅकमोरने दूरचित्रवाणीचा कॅमेरा गिटारने फोडला आणि ध्वनिवर्धक पेटवून दिला. त्या प्रसंगाची चित्रफीत आजही पाहिली जाते. पण तिच्यातील संगीतही तितकेच लक्षपूर्वक ऐकण्याजोगे आहे. कारण नवा संच जुन्यांची नक्कल करीत नव्हता.

'मार्क टू'चे कट्टर पक्षपाती या संचाला 'डीप पर्पल' मानायला तयार नसतात. उलट 'मार्क थ्री'चे चाहते म्हणतात की, बँडने एकाच वळणावर थांबायचे नाकारले हेच त्याच्या जिवंतपणाचे लक्षण. गंमत अशी की, खुद्द ब्लॅकमोरलाच हा फंकचा बाज रुचला नाही. 'स्टॉर्मब्रिंगर' या अल्बमनंतर, १९७५ मध्ये, त्याने बँड सोडला आणि 'रेनबो' हा स्वतःचा बँड उभारला.

एका रात्रीचा न्याय

ब्लॅकमोरच्या जागी आलेला अमेरिकी गिटारवादक टॉमी बोलिन हा या साऱ्या इतिहासातील सर्वांत करुण अध्याय होय. बिली कॉबमच्या 'स्पेक्ट्रम' (१९७३) या जॅझ-रॉक अल्बमवरील त्याचे वादन नावाजले गेले होते. 'कम टेस्ट द बँड' (१९७५) हा त्याच्यासोबतचा अल्बमही सरस उतरला. परंतु मैफलीत प्रेक्षकांतून ब्लॅकमोरच्या नावाचा पुकारा होई. त्यातच अमली पदार्थांचे व्यसन. डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोतील कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा डावा हात धड चालत नव्हता. अनेक ठिकाणी गिटारची पोकळी लॉर्डला ऑर्गनने भरून काढावी लागली. दुर्दैवाने नेमका तोच कार्यक्रम १९७७ मध्ये 'लास्ट कॉन्सर्ट इन जपान' या नावाने बाजारात आला आणि बोलिनवर कायमचा शिक्का बसला. तोवर बँड फुटला होता आणि बोलिनही हयात नव्हता. ४ डिसेंबर १९७६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले होते.

या निकालाचा फेरविचार व्हायला जवळपास दोन दशके लागली. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बोलिन मोकळेपणाने, आत्मविश्वासाने वाजवताना ऐकू येतो. एका वाईट रात्रीच्या मुद्रणाने एका कलावंताची प्रतिमा ठरवली आणि दुसऱ्या रात्रीच्या मुद्रणाने ती काही प्रमाणात सावरली. मैफलींच्या मुद्रणांचा तारीखवार धांडोळा घेणाऱ्या चाहत्यांना वेडे ठरवणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

नाव कोणाचे?

१९८० मध्ये या वादाने थेट न्यायालय गाठले. पहिला गायक रॉड इव्हान्स याने अपरिचित वादकांना घेऊन 'डीप पर्पल' याच नावाने अमेरिका, कॅनडा व मेक्सिकोत कार्यक्रम सुरू केले. फसवणूक झाल्याच्या भावनेने काही ठिकाणी प्रेक्षक खवळले. जुन्या सदस्यांच्या बाजूने खटला उभा राहिला आणि इव्हान्स व त्याच्या सहकाऱ्यांवर ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई लादली गेली. इव्हान्सला आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या मानधनावरही पाणी सोडावे लागले. त्यानंतर तो सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसाच झाला. एक संस्थापक सदस्यही नावावर हक्क सांगू शकत नाही, हे कायद्याने स्पष्ट केले. पण हक्क नेमका कशातून येतो, या रसिकांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडे नव्हते.

१९८४ मध्ये 'मार्क टू'चे पाचही जण पुन्हा एकत्र आले. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा अल्बम यशस्वी ठरला. २२ जून १९८५ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे पावसाचिखलात हजारो श्रोते त्यांना ऐकायला उभे राहिले. पण 'अस्सल संच' परतल्याने जुने तणाव संपले नाहीत. १९८९ मध्ये गिलनला काढून टाकण्यात आले आणि 'रेनबो'चा माजी गायक जो लिन टर्नर आला. पाचपैकी तिघे 'रेनबो'तले, त्यामुळे या संचावर 'वेगळ्या नावाचा रेनबो' अशी टीका झाली. १९९२ मध्ये गिलन परतला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बर्मिंगहॅम येथील कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू असताना ब्लॅकमोरने कॅमेऱ्याच्या दिशेने पाणी फेकले. आठवडाभराने, १७ नोव्हेंबरला हेलसिंकीत वाजवून तो कायमचा निघून गेला.

तोंडावर आलेला जपान दौरा जो सॅट्रियानी या गिटारवादकाने निभावून नेला. 'अस्सल' संचही मोडू शकतो आणि बँड त्याविना उभा राहू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

मुंबईची मैफल

१९९४ च्या अखेरीस आलेला अमेरिकी गिटारवादक स्टीव्ह मॉर्स तब्बल २८ वर्षे राहिला. ब्लॅकमोरचा दोन्ही खेपांचा काळ मिळून सतरा वर्षांच्या आसपास भरतो. तरीही कित्येकांच्या लेखी मॉर्स अखेरपर्यंत 'नवा'च राहिला! दोघांची शैलीही भिन्न. ब्लॅकमोरचे वादन लहरी आणि धोका पत्करणारे. आज काय ऐकायला मिळेल याचा नेम नाही. मॉर्सचे वादन नेटके, वेगवान आणि भरवशाचे. एकाच्या बाजूने थरार, दुसऱ्याच्या बाजूने सातत्य.

भारतीय रसिकांसाठी हे नवे पर्व विशेष जवळचे आहे. मॉर्सच्या आगमनानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९९५ मध्ये, बँडने मुंबईत कार्यक्रम केला. त्याचे चित्रमुद्रण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने प्रसिद्ध झाले. मॉर्ससोबतचा पहिला अल्बम 'पर्पेंडिक्युलर' १९९६ मध्ये आला. म्हणजे मुंबईकरांनी हा संच अल्बम येण्यापूर्वीच, घडत असताना ऐकला. 'बॉम्बे कॉलिंग' या नावालाही इतिहास आहे. अमेरिकेतील 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या अल्बमवर याच नावाची वाद्यरचना आहे आणि 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची ऑर्गनची धून तिच्यावरूनच घेतलेली आहे. ते गाणे मुंबईच्या मैफलीतही झाले.

वाढते वय आणि गाणे

संच न बदलताही मैफल बदलते, याचा दाखला याच 'चाइल्ड इन टाइम'मध्ये आहे. ऐन पंचविशीत गिलनने त्यात लावलेले टिपेचे सूर हे हार्ड रॉकमधील गायनाचे एक शिखर मानले जाते. वयपरत्वे ते सूर पूर्वीसारखे लागेनात. २००२ नंतर बँडने ते गाणे मैफलीतून वगळले. काहींना ही माघार वाटली. परंतु खालच्या पट्टीत किंवा साथीदारांच्या आवाजावर भागवून गाणे उरकण्यापेक्षा ते न गाणे अधिक प्रामाणिक, असे म्हणणे रास्त ठरेल. उलट बाजूने पाहिले तर 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे १९७२ चे गाणे ब्लॅकमोरला नापसंत असल्याने त्याच्या काळात मैफलीबाहेर राहिले. तो गेल्यावर ते नेहमीचे झाले. 'बर्न'सारखी कव्हरडेल-काळातील गाणी मात्र गिलनने गायली नाहीत. म्हणजे कोणता संच, यावर कोणती गाणी जिवंत राहणार हेही ठरते. चाहत्यांचा जीव या वादात का गुंततो, याचे उत्तर येथे आहे.

२००२ मध्ये जॉन लॉर्ड निवृत्त झाला आणि 'रेनबो'मध्ये वाजवलेला डॉन एअरी त्याच्या जागी आला. १६ जुलै २०१२ रोजी लॉर्डचे निधन झाले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने बँडला स्थान दिले, तेव्हा पहिल्या तीन संचांतील आठ जणांचाच गौरव झाला. त्यात इव्हान्स होता, पण त्याच्याच संचातील सिम्पर नव्हता. बोलिन नव्हता आणि तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ बँडमध्ये असलेला मॉर्सही नव्हता. ही निवड अन्यायकारक होती, यावर तरी सर्व गटांचे चाहते एकमत होऊ शकतील. कौटुंबिक कारणाने २०२२ मध्ये मॉर्स बाहेर पडला आणि उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड आला. त्याच्यासह 'इक्वल्स वन' हा अल्बम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग खरा 'डीप पर्पल' कोणता? केवळ नाव धारण केल्याने बँड सिद्ध होत नाही, हे १९८० च्या प्रकरणाने दाखवले. विशिष्ट पाच माणसांतच तो असतो, असेही नाही. तसे असते तर १९६९ मध्येच त्याचा शेवट झाला असता. गिटार आणि ऑर्गन यांनी मंचावर एकमेकांना ऐकत, आव्हान देत गाणे नव्याने घडवायचे, ही वाजवण्याची रीत हाच या बँडचा खरा वारसा होय. ज्या संचाने ती पाळली त्याला 'डीप पर्पल' म्हणावे, मग त्यातले कलावंत कोणीही असोत. आणि ती पाळली गेली की नाही, हे ठरवायला हुद्दे किंवा वर्षे मोजून भागत नाही. त्यासाठी ती ती रात्र ऐकावी लागते. संचांवरून भांडणाऱ्या चाहत्यांनी आपसूकच हे काम चालू ठेवले आहे.

दृष्टिक्षेपात संच

मार्क वन (१९६८-६९): इव्हान्स, ब्लॅकमोर, लॉर्ड, सिम्पर, पेस

मार्क टू (१९६९-७३, पुन्हा १९८४-८९ आणि १९९२-९३): गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस

मार्क थ्री (१९७३-७५): कव्हरडेल, ह्यूज, ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस

मार्क फोर (१९७५-७६): कव्हरडेल, ह्यूज, बोलिन, लॉर्ड, पेस

मार्क फाइव्ह (१९८९-९२): टर्नर, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस

मार्क सिक्स (१९९३-९४): गिलन, सॅट्रियानी, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस

मार्क सेव्हन (१९९४-२००२): गिलन, मॉर्स, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस

मार्क एट (२००२-२२): गिलन, मॉर्स, एअरी, ग्लोव्हर, पेस

मार्क नाइन (२०२२ पासून): गिलन, मॅकब्राइड, एअरी, ग्लोव्हर, पेस